पाच एकर वावर असताना भाजी पाईपात कशाला? घरच्या भिंतीवर सांबार, पालक, मेथी



आजचा मेसेज बोंडअळीचा नाही, भावाचाही नाही. घरच्या भाजीचा आहे. थोडा लांब आहे, म्हणून संध्याकाळी निवांत वाचा. हा ग्रुप बहुतेक घरांत पुरुषांच्या फोनवर आहे आणि भाजी बघणारी घरची बाई आहे, म्हणून घरात मोठ्याने वाचून दाखवला तर जास्त बरं.

मागच्या आठवड्यात गावात पाईपाच्या टांगत्या कुंडीबद्दल बोललो, तेव्हा एका काकांनी विचारलं, "वावर पाच एकर, अन् भाजी पाईपात? हे शहरातल्या बाल्कनीवाल्यांचं काम." प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आधी देतो, मग पाईप कसा करायचा ते सांगतो.

*१) आधी कारण*

आजीच्या काळी पऱ्हाटीच्या वावरातच भाजी मिळायची. ओळीत अंबाडी, बरबटी, भेंडी असायची. पावसाळ्यात तरोटा, चिवळ, केना हे धुऱ्यावरून खुडून आणायचं. आजही निंदायला गेलेल्या बाया येताना ओटीत भाजी घेऊन येतात.

फरक एवढाच की तेव्हा एवढ्या फवारण्या नव्हत्या. आता जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पऱ्हाटीवर कीटकनाशक, धुऱ्यावर तणनाशक. औषध पऱ्हाटीवर मारलं तरी खालच्या अंबाडीवर पडतंच. वारा असला की शेजारच्या वावरातलंही आपल्या धुऱ्यावर येतं.

डब्याच्या लेबलवर "फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करावी" हे लिहिलेलं असतं. पण ते ज्या पिकासाठी औषध आहे त्या पिकापुरतं. कपाशीच्या औषधावर कपाशीचे दिवस लिहिलेले असतात. त्याच वावरातली अंबाडी किती दिवसांनी खावी, हे त्या डब्यावर कुठेच नसतं. म्हणजे "आठ दिवस झाले, आता चालते" हा आपला फक्त अंदाज असतो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला देशात केव्हाच बंदी झाली, पण कपाशीवर ते मारलं जात राहिलं. भाजीसाठी जे नको म्हणून ठरलं, ते वावरातून असं आपल्या ताटात येऊ शकतं.

२०१७ साल आपण कोणीच विसरलेलो नाही. त्या फवारणीच्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. तेव्हापासून मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा हे आपण बोलायला लागलो. ताटातल्या भाजीबद्दल मात्र अजून कमीच बोलतो.

म्हणून सरळ सांगतो: *फवारणी चालू आहे त्या वावरातली आणि धुऱ्यावरची भाजी या हंगामात खुडू नका.* मग ताटात हिरवं कुठून येणार? अंगणात जागा असेल तर जमिनीवरची परसबाग सगळ्यात चांगली. उमेदच्या बचतगटातल्या अनेक ताईंनी ती केली आहे. पण ज्यांचं घर रस्त्यालगत आहे, अंगणात ढोरं, शेळ्या, कोंबड्या आहेत, किंवा घरकुलाला अंगणच उरलं नाही, त्यांच्यासाठी ही भिंतीवरची बाग.

*२) अपेक्षा किती ठेवायची*

खोटी आशा दाखवत नाही. चार इंची, तीन फुटी पाईपातून एका कापणीला दोन मुठी पालक किंवा मेथी निघते. पाच माणसांच्या घराची भाजी एका पाईपात होत नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला रोज साधारण १०० ग्रॅम पालेभाजी खायला सांगते. ती सगळी गरज पाईप भागवणार नाही.

पण सहा पाईप असतील आणि दर आठ-दहा दिवसांनी एक-एक पेरला, तर रोज वरणात टाकायला मूठभर पालक, पोह्यावर सांबार, लसणाची पात, आठवड्यातून एखादी मेथीची भाजी एवढं होतं. लेकरांच्या ताटात रोज थोडं हिरवं पडतं, आणि त्यावर काय मारलं हे आपल्याला माहीत असतं.

*३) पाईप कोणता घ्यायचा*

रब्बीच्या ओलितासाठी आता पाईप बाहेर निघतीलच. त्यातले फुटलेले, उरलेले तुकडे चालतात.

✅ चार इंची (११० मि.मी.) पीव्हीसी पाईप. पिण्याच्या पाण्यासाठीच्या पीव्हीसी पाईपावर आय.एस. ४९८५ छापलेलं असतं, तो सगळ्यात बरा.
✅ तुषार संचाचा काळा पाईप. तो पॉलिथिनचा असतो. पण अडीच-तीन इंचीच असतो, त्यामुळे त्यात फक्त सांबार आणि लसणाची पात लावा. काळा रंग तापतो, बाहेरून चुन्याचा हात द्या.

❌ फवारणी पंपाची नळी किंवा ज्यातून औषध, तणनाशक गेलं आहे असा कोणताही पाईप.
❌ औषधाचे रिकामे डबे, कॅन. कापून टांगले की छान कुंडी दिसते, पण प्लास्टिकमध्ये औषध मुरलेलं असतं. तीन वेळा धुतलं तरी तो डबा खाण्याच्या वस्तूजवळ आणायचा नाही. त्याला भोकं पाडून निकामीच करायचं.
❌ वर्षानुवर्षे उन्हात पडून पांढरा भुकटा सुटणारा जुना पीव्हीसी पाईप. पूर्वी पीव्हीसी पाईप टिकावा म्हणून त्यात शिशाची संयुगं टाकत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्यावर नियम आणले. म्हणून भुकटी सुटणारा जुना तुकडा भाजीला नको. त्यात फुलझाड लावा.

*४) सामान*

चार इंची पाईप (२० फुटी पाईपात तीन फुटाचे सहा तुकडे होतात, दोन फूट उरतो), प्रत्येक तुकड्याला दोन एंड कॅप, पाईपाचं सोल्युशन, आरीपत्ती, ड्रिल, कानस किंवा पॉलिश पेपर, बोटाएवढी नाही पण पेन्सिलीएवढी जाड नायलॉन दोरी किंवा जाड जी.आय. तार, मच्छरदाणीचा जुना तुकडा. ड्रिल गावातल्या वायरमन किंवा सुताराकडे मिळतं.

*५) कसा करायचा*

१. तीन फुटाचा तुकडा कापा. आतून-बाहेरून साबणाने धुऊन वाळवा.

२. पाईपावर खडूने खिडकी आखा. दोन्ही टोकांना चार-चार इंच सोडा. मधे २८ इंच लांब आणि ३ इंच रुंद अशी एकच लांब खिडकी. टोकं अखंड ठेवायची, कारण सगळं वजन तिथेच येणार आहे.

३. खिडकीच्या चार कोपऱ्यांना ड्रिलने एक-एक भोक पाडा. त्यातून आरीपत्ती घालून रेघेवर कापा. कडा कानसीने घासा, नाहीतर भाजी कापताना हात कापतो.

४. खिडकीच्या बरोबर उलट बाजूला, म्हणजे तळाला, दर सहा इंचावर पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा. पाच भोकं होतात. यात कंजुषी नको. *पाईपातली भाजी पाणी कमी पडून मरते त्यापेक्षा पाणी साचून जास्त मरते.*

५. दोन्ही टोकांना एंड कॅप सोल्युशनने बसवा. एक दिवस उन्हात राहू द्या, वास जाऊ द्या.

६. तळाच्या भोकांवर आतून मच्छरदाणीचा तुकडा टाका, म्हणजे माती वाहून जात नाही.

*भोकं पाडायला तापलेली सळई वापरू नका.* बरेच जण तसंच करतात. पीव्हीसी जळताना जो धूर निघतो तो छातीला आणि डोळ्यांना घातक असतो. ड्रिल नसेल तर खिळा आणि हातोडीने सुरुवात करून चाकूच्या टोकाने भोक मोठं करा. कापताना पडलेला चुरा चुलीत टाकू नका.

*६) माती*

इथे माझीच चूक सांगतो, तुम्ही करू नका. पहिला पाईप केला तेव्हा वाटलं, आपली काळी माती एवढी कसदार, तीच भरू. वावरातून आणली आणि गच्च भरली. पहिले आठ दिवस वर पाणी साचून राहिलं, बी कुजलं. मग पाणी बंद केलं तर माती आकसून पाईपाच्या भिंतीपासून सुटली, मधे भेगा पडल्या. पुढे टाकलेलं पाणी भेगेतून सरळ खाली जायचं, मुळाला काहीच नाही.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वावरात तिच्याखाली खोल जागा असते, पाईपात नसते. म्हणून मिश्रण करा:

▪️ एक घमेलं माती
▪️ एक घमेलं चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
▪️ एक घमेलं रेती, किंवा मागच्या वर्षीचं कुजलेलं सोयाबीनचं कुटार

यंदाचं ताजं कुटार टाकू नका. ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि भाजी पिवळी पडते. कच्चं शेणही नको, ते तापतं.

माती कुठली घ्यायची तेही महत्त्वाचं. तणनाशक मारलेल्या वावरातली किंवा धुऱ्यावरची नको. घराजवळच्या निंबाखालची, जुन्या उकिरड्याशेजारची घ्या. वावरातली माती घरी आणली तर वावरातलं औषधही घरी येतं.

पाईप काठोकाठ भरू नका. खिडकीच्या कडेपासून एक इंच खाली ठेवा. एका घमेल्यात साधारण दोन पाईप भरतात.

*७) टांगायचा कुठे आणि कसा*

एका पाईपात साधारण सहा लिटर मिश्रण बसतं. पाणी प्यायलं की पाईपासकट वजन नऊ किलोच्या आसपास जातं. युरियाचं पोतं ४५ किलोचं. म्हणजे पाच पाईप टांगले की भिंतीवर एक पोतं टांगलं असं समजा. सहा इंची पाईप घ्यायचा मोह होतो, पण त्यात दुप्पट माती बसते आणि एकच पाईप २० किलोच्या वर जातो. चार इंचीच बरा.

▪️ दोरी पाईपाच्या अखंड टोकांखालून फिरवून बांधा. खिडकीच्या पातळ कडेला भोक पाडून दोरी ओवू नका, तिथूनच पाईप फाटतो.
▪️ लाकडी सर, लोखंडी अँगल, नाहीतर स्लॅबमध्ये बसवलेली कडी यांनाच टांगा. जिथे बंगई टांगता येते तिथे पाईप टांगता येतो. टिनाच्या पत्र्याला, पाण्याच्या नळाला किंवा विजेच्या वायरजवळ कधीच नाही.
▪️ एकाखाली एक टांगायचे असतील तर दीड फूट अंतर ठेवा. एका दोरीवर दोनच पाईप.
▪️ पाणी टाकून बघा. एका टोकाला साचत असेल तर दोरी सारखी करून घ्या.
▪️ शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की पाच फुटापर्यंत तोंड नेते. शेळ्या मोकळ्या असतील तर खालचा पाईप त्याच्या वर. माकडं येणाऱ्या गावात वरून जुनी जाळी टाका.
▪️ दारावर, पाळण्यावर, लेकरं झोपतात तिथे टांगू नका.
▪️ नायलॉन दोरी उन्हाने कुजते. दरवर्षी फवारणी सुरू व्हायच्या आधी ती बदलायची, अशी सवय ठेवा.

जागा पूर्वेच्या भिंतीची उत्तम. सकाळचं चार-पाच तास ऊन पुरतं. फवारणी पंप जिथे ठेवता, धुता, फवारणीचे कपडे वाळवता, त्या भिंतीवर हा पाईप लावायचा नाही. नाहीतर वावरातून सुटलेली भाजी घरी येऊन तिथेच सापडते.

*८) काय लावायचं*

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोपा काळ. चार इंची पाईपात मुळाला जागा कमी असते, म्हणून पालेभाजीच लावा. वांगं, टमाटर, मिरची यात नीट येत नाही.

🌿 *सांबार:* घरचे धने चालतात, पण जुने नकोत. पोळपाटावर हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, घाई करून उकरू नका. ३५ ते ४५ दिवसांत कापणी.

🌿 *मेथी:* रात्रभर भिजवून दाट पेरा. तीन ते पाच दिवसांत उगवते, २५ ते ३० दिवसांत भाजी. पहिला पाईप मेथीचा करा, लवकर येते म्हणून उत्साह टिकतो.

🌿 *पालक:* तीन इंचावर एक बी. ३० ते ३५ दिवसांनी बाहेरची पानं दोन इंच देठ ठेवून कापा. पंधरा-पंधरा दिवसांनी पुन्हा तीन-चार कापण्या मिळतात. सहा पाईप असतील तर दोन पालकाचे ठेवा.

🌿 *लाल माठ:* बारीक बी, रेतीत मिसळून पेरा. २५ ते ३० दिवस.

🌿 *लसणाची पात:* कोंब आलेल्या पाकळ्या दोन इंचावर टोचा. महिनाभरात पात कापायला येते.

🌿 *पुदिना:* बाजारातल्या जुडीतल्या चार जाड काड्या खोचा. हा एकदा लागला की जात नाही, म्हणून त्याला वेगळा पाईप द्या. उन्हाळ्यात बाकी सगळं थांबतं तेव्हा सावलीत हाच टिकतो.

बियाणं गुलाबी, लाल रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे. ते स्वयंपाकाच्या भांड्यात भिजवू नका, उरलेलं कोंबड्यांना टाकू नका. शक्यतो बिन रंगाचं बी घ्या.

*९) पाणी आणि खत*

हिवाळ्यात एका पाईपाला रोज सकाळी अर्धा लिटर पुरतं. बोट खुपसून बघा. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं, मिठाचं नाही.

वरच्या पाईपाचं पाणी खालच्यात पडेल असे टांगले तर पाणी वाचतं. सगळ्यात खाली बादली ठेवली असेल तर ती रोज रिकामी करा. साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डेंग्यूचे डास तयार होतात.

पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत वरून टाकून हलवा. जीवामृत देत असाल तर दहापट पाण्यात, फक्त बुडाला, पानांवर नाही. युरिया अजिबात नको. सहा लिटर मातीत चिमूटभर जास्त झाला तरी मुळं जळतात.

मावा आला तर ती पानं तोडून टाका, बाकीची पाण्याच्या धारेने धुवा. पाईप कमी, झाडं कमी, एवढ्याने भागतं. कपाशीचं उरलेलं औषध "थोडंसं" मारायचा विचारही करू नका. तसं केलं तर ही सगळी मेहनत कशासाठी केली?

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४५ पर्यंत जातो. तेव्हा पाईप उतरवून सावलीत ठेवा, माती बाहेर काढून उन्हात पसरा. पावसाळ्याच्या तोंडी त्यात नवं शेणखत मिसळून पुन्हा भरा.

*१०) शेवटचं*

वावर पऱ्हाटीचं आहे, ते पऱ्हाटीचंच राहणार. तिथली फवारणी एका मेसेजने बंद होणार नाही हे मलाही कळतं. पण वावरातलं पीक आणि लेकराच्या ताटातली भाजी वेगळी ठेवणं आपल्या हातात आहे. त्यासाठी एक तुटका पाईप आणि एक रविवार पुरतो.

या आठवड्यात एकच करा: घरामागे पडलेला चार इंची तुकडा शोधा आणि मेथीचा एक पाईप करून बघा. महिन्याने पहिली कापणी झाली की पुढचे पाच आपोआप होतील.

आणि फवारणीनंतर कोणाला चक्कर, उलटी, खूप घाम, डोळ्यांपुढे धूसर दिसणं असं झालं, किंवा वावरातली भाजी खाऊन घरात कोणाला तसा त्रास झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा लेबलसकट डॉक्टरांना दाखवा.

पाईप केला की फोटो याच नंबरवर पाठवा. काही चुकलं असेल तर तेही पाठवा, त्यातूनच बाकीच्यांना कळतं. शेतीच्या इतर प्रश्नांसाठी किसान कॉल सेंटर १८०० १८० १५५१ मोफत आहे.

काळजी घ्या. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका.

– तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा कृषी सल्ला विभाग, बाभुळगाव